सूक्ष्म रोधाचा हिशेब मांडणारे लॉर्ड केल्विन

वसई-विरारमधील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना लॉर्ड केल्विन हे नाव परिचित असते ते तापमानाच्या एककामुळे. मात्र अतिसूक्ष्म विद्युतरोध अचूक कसा मोजावा, हा त्यांनी घालून दिलेला धडा तितकाच मोलाचा आहे. संगणकाच्या चिपवरील धातूच्या अतिपातळ थरांची रोधकता आजही त्याच तत्त्वावर मोजली जाते.

त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४ रोजी बेलफास्ट येथे झाला. सहाव्या वर्षीच मातृछत्र हरपले. गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांबरोबर ते ग्लासगोला आले आणि दहाव्या वर्षी तेथील विद्यापीठात दाखल झाले. केंब्रिजमधील शिक्षणानंतर १८४६ मध्ये, अवघ्या २२व्या वर्षी, ते ग्लासगोत प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी ५३ वर्षे भूषविले.

अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची केबल टाकण्याच्या योजनेत त्यांची खरी कसोटी लागली. बाजारातील तांब्याच्या वाहकतेत मोठी तफावत असल्याचे त्यांनी दाखवून दिले व शुद्ध तांब्याचा आग्रह धरला. १८५८ ची केबल काही आठवड्यांतच निकामी झाली. कंपनीच्या विद्युततज्ज्ञाने तिला दिलेला प्रचंड दाब तिला सोसवला नव्हता. क्षीण विद्युतधारा आणि संवेदनक्षम गॅल्व्हानोमीटर हा थॉमसन यांचा मार्गच अखेर योग्य ठरला. १८६६ मध्ये मोहीम फत्ते झाली आणि त्यांना 'सर' हा किताब मिळाला. हीच केबल टाकणाऱ्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने १८७० मध्ये मुंबई एडनशी जोडली.

जाड तारेचा रोध इतका अल्प असतो की, जोडणीचा रोधच त्याला झाकून टाकतो. १८६१ मध्ये थॉमसन यांनी यावर तोड काढली. विद्युतधारा ज्या टोकांतून जाते आणि विभवांतर ज्या टोकांवर तपासले जाते, ती टोके त्यांनी वेगळी ठेवली. आजच्या चार सुयांच्या उपकरणातही हेच घडते. समान अंतरावरील चार सुया थरावर टेकवतात. बाहेरच्या दोन सुयांतून धारा सोडून आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात. विस्तीर्ण व अतिपातळ थर असल्यास विभवांतर भागिले धारा याला सुमारे ४.५३ ने व थराच्या जाडीने गुणले की रोधकता मिळते. एकावर एक अनेक थर असतील, तर मात्र सर्वांचा मिळून एकत्रित आकडा हाती येतो.

चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचा रोध बदलतो, हेही त्यांनी १८५६ मध्येच ताडले होते. लोह व क्रोमियमच्या एकाआड एक थरांत हा बदल कितीतरी मोठा असतो, हे १९८८ मध्ये आढळले. अल्बर्ट फेर्ट व पीटर ग्रुनबर्ग यांना त्यासाठी २००७ चे नोबेल मिळाले. हार्ड डिस्कची क्षमता वाढली ती याच शोधामुळे.

पृथ्वीच्या वयाचा त्यांचा अंदाज मात्र साफ चुकला. १८९२ मध्ये ते लॉर्ड केल्विन झाले. १७ डिसेंबर १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटन यांच्या समाधीजवळ ते चिरविश्रांती घेत आहेत.