जिजाऊंनी दोन लेकरं कशी वाढवली: आधी शिवबा, मग शंभूबाळ

जिजाऊंचं नाव घेतलं की स्वराज्य, न्यायनिवाडा आणि शिवबांना सांगितलेल्या रामायण-महाभारतातल्या गोष्टी आठवतात. पण गोष्टी समजण्याच्या वयापर्यंत मूल जगवणं, हेच तेव्हा मोठं काम होतं. ताप, जुलाब, देवी यांपैकी काहीही घरात शिरलं तर तान्ह्या जिवाची शाश्वती नसे. देवीची लसच निघाली ती १७९६ मध्ये. अशा काळात जिजाऊंनी हे काम दोनदा केलं, आणि दोन्ही वेळा दिवस वाईट होते.

माहेर सिंदखेडचं

आजच्या बुलढाणा जिल्ह्यातलं सिंदखेडराजा हे त्यांचं माहेर. १२ जानेवारी १५९८ ही त्यांची जन्मतारीख मानली जाते. वडील लखुजी जाधवराव निजामशाहीतले मातब्बर सरदार. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजींची मुलांसह हत्या करवली. जिजाऊंचं माहेर एका दिवसात उजाड झालं. पोटात तेव्हा शिवबा होते.

दुष्काळातलं बाळंतपण

१९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. त्याच वर्षी दख्खनमध्ये भीषण दुष्काळ सुरू झाला आणि १६३२ पर्यंत चालला. आदिलशाही फौजेने पुण्याची राखरांगोळी केली होती. शहाजीराजे सतत मोहिमांवर. अन्नधान्याच्या त्या टंचाईत शिवबा रांगायला, चालायला शिकले.

आजारी सून, तान्हा नातू

१४ मे १६५७ रोजी पुरंदरवर संभाजीराजांचा जन्म झाला. जिजाऊंचा थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला होता. नातवाला त्याचंच नाव मिळालं.

बाळंतपणानंतर सईबाईंची तब्येत ढासळली आणि बाळाला दूध पुरेना. त्या काळी बाळासाठी आईच्या दुधाला खात्रीचा पर्याय एकच होता, दुसऱ्या आईचं दूध. पुरंदर परिसरातल्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ शंभूबाळाच्या दूधआई झाल्या. बाळ सावरलं, सईबाई मात्र सावरल्या नाहीत. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर त्यांचं निधन झालं. शंभूबाळ तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते आणि जिजाऊ साठी ओलांडलेल्या.

पुढचे दहा महिने

नातवाची सगळी जबाबदारी आता आजीवर आली. दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, शिवराय प्रतापगडाखाली अफजलखानाला सामोरे गेले. मार्च १६६० पासून ते पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले. वेढा चार महिने चालला. त्याच काळात शायिस्तेखान पुण्यात येऊन बसला. आई गेलेली, वडील वेढ्यात, आणि मूल जेमतेम तीन वर्षांचं. राजगडावर नातवाला सांभाळत जिजाऊंना राज्याचीही काळजी वाहायची होती.

१६६६ मध्ये नऊ वर्षांचे शंभूराजे वडिलांबरोबर आग्र्याला गेले. मुलगा आणि नातू दोघेही कैदेत असताना जिजाऊंनी राज्यकारभार सांभाळला.

६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. तो सोहळा पाहून अकराच दिवसांनी, १७ जूनला, गडाच्या पायथ्याशी पाचाडला जिजाऊंनी देह ठेवला. दुष्काळात वाढवलेला मुलगा तेव्हा छत्रपती झाला होता, आणि दूधआईच्या दुधावर जगलेला नातू सतरा वर्षांचा युवराज होता.