शिलिंगात ग्रंथ देणारा बाइंडर

१९९४ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. मुंबईत हुतात्मा चौकाजवळच्या फुटपाथवर, प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकलेल्या ढिगातून मी एक लहानसं पण चांगलं जाडजूड पुस्तक उपसून काढलं. बॉस्वेलनं लिहिलेलं डॉ. जॉन्सनचं चरित्र, खंड पहिला. कण्यावर सोनेरी वेलबुट्टी, आत जुन्या कागदाचा तो ओळखीचा वास. शीर्षकपान उलटलं आणि मागच्या बाजूला पहिल्याच ओळीत १९०६ साल दिसलं. पहिली आवृत्ती! काळजाचा ठोका चुकला. विक्रेत्यानं दीडशे रुपये सांगितले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, पण घासाघीस केली तर त्याला संशय येईल म्हणून मी मुकाट्यानं पैसे मोजले आणि घबाड मिळाल्याच्या आनंदात लोकल पकडली.

आठवडाभरानं जुन्या पुस्तकांचे शौकीन असलेले एक वडीलधारे स्नेही घरी आले. मी मोठ्या ऐटीत पुस्तक त्यांच्या हाती दिलं. त्यांनी चष्मा वर केला आणि १९०६ च्या खाली बोट ठेवलं. तिथं बारीक अक्षरात पुनर्मुद्रणांची सालं एकाखाली एक छापलेली होती. शेवटचं साल होतं पहिल्या महायुद्धाच्या तोंडाशी आलेलं. माझ्या प्रतीचं खरं वय ते. मग त्यांनी पान उलटून प्रकाशकाचं नाव दाखवलं. जे. एम. डेंट आणि पुत्र. १९०६ ची प्रत असती तर पुत्रांच्या जागी आणि कंपनी असं असतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. विक्रेत्यानं मला काहीच खोटं सांगितलं नव्हतं. हाव माझी होती आणि घाईही माझीच.

त्या दिवशी थोडा खट्टू झालो खरा, पण हा डेंट कोण, या कुतूहलानं मला जे दिलं त्याची किंमत दीडशे रुपयांहून कितीतरी जास्त आहे.

जोसेफ मॅलबी डेंट १८४९ साली उत्तर इंग्लंडमधल्या डार्लिंग्टन गावी जन्मला. वडील घरं रंगवण्याचं काम करायचे. त्यांचं हे दहावं अपत्य. अंगानं किरकोळ, पायानं अधू. शाळा तेराव्या वर्षीच सुटली आणि पोराला छापखान्यात उमेदवारीला लावलं गेलं. तिथं काही जमेना, म्हणून तो पुस्तकबांधणीकडे वळला. पण या अर्धशिक्षित पोराच्या आयुष्याला वळण लागलं ते गावातल्या चर्चच्या वाचनमंडळात. तिथं तरुणांनी आळीपाळीनं निबंध वाचायचे असत. डेंटच्या वाट्याला डॉ. जॉन्सन आला. त्यासाठी त्यानं बॉस्वेल वाचला आणि तो पुस्तकांच्या कायमचा प्रेमात पडला. पंधरा वर्षांचा तो मुलगा आणि माझ्या हातातला तो खंड, यांचं नातं हे असं आहे.

१८६७ साली तो लंडनला आला. बाइंडर म्हणून राबला, पुढे स्वतःचा बांधणीचा कारखाना काढला. दुसऱ्यांची पुस्तकं बांधता बांधता त्याच्या मनात आलं, की ही पुस्तकं आपणच का काढू नयेत? १८८८ मध्ये त्यानं प्रकाशनाला हात घातला. पहिलं पुस्तक होतं चार्ल्स लँबचे निबंध. लंडनच्या गरीब वस्तीतल्या टॉयन्बी हॉलमध्ये कामगार आणि शिकलेली मंडळी एकत्र बसून शेक्सपिअर वाचत, त्यांत डेंटही असे. हातात धरायला सुटसुटीत, छपाईला नेटकी आणि खिशाला परवडणारी प्रत तिथं कुणाकडेच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १८९४ मध्ये टेंपल शेक्सपिअर सुरू झालं. संपादक इस्रायल गोलांझ, एकूण चाळीस छोटे खंड, प्रत्येकी एक शिलिंग. ते धडाधड खपले.

नजरही त्याची पारखी. विमा कंपनीत कारकुनी करणाऱ्या विशीतल्या ऑब्रे बिअर्डस्लीला मोठ्या ग्रंथाच्या चित्रांचं पहिलं काम दिलं ते यानंच. मात्र या माणसाचं देवघर करायला नको. पगार देताना त्याचा हात आखडायचा, संतापला की कचेरी डोक्यावर घ्यायचा आणि घटकाभरानं त्याच डोळ्यांत पाणी यायचं. पुढे कादंबरीकार म्हणून नावाजलेला फ्रँक स्विनर्टन तरुणपणी त्याच्या कचेरीत कारकून होता, त्यानं हे सारं जवळून पाहिलेलं.

खरं धाडस केलं ते वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. जगातले एक हजार उत्तम ग्रंथ, एकाच आकारात, एक शिलिंगाला एक! वीस शिलिंगांचा एक पौंड होई, यावरून किंमत लक्षात यावी. संपादक म्हणून खाणीचा इंजिनिअर असलेला आणि पुढे साहित्यात रमलेला अर्नेस्ट ऱ्हीस मिळाला. मालेला एव्हरीमन्स लायब्ररी हे नाव त्यानंच सुचवलं. एका जुन्या नाटकात मृत्यूचं बोलावणं आलेल्या माणसाला इष्टमित्र सोडून जातात, तेव्हा ज्ञान त्याची सोबत करायचं कबूल करतं. ते नाटक म्हणजे एव्हरीमन. फेब्रुवारी १९०६ मध्ये पहिले पन्नास खंड एकदम बाजारात आले. पहिला क्रमांक अर्थात बॉस्वेलच्या जॉन्सनचा. वर्षअखेर हा आकडा दीडशेच्या वर गेला.

हे स्वस्ताईचं गणित जमलं कसं? तेव्हाच्या ब्रिटिश कायद्यानं लेखकाचा हक्क प्रकाशनापासून बेचाळीस वर्षं किंवा मृत्यूनंतर सात वर्षं, यांतला जो काळ मोठा तेवढाच चाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले मोठमोठे लेखक एकामागून एक मोकळे होत होते. मानधन नाही, खप मोठा, आणि छपाई-बांधणीसाठी लेचवर्थला उभारलेला स्वतःचा कारखाना. पण १९११ च्या कायद्यानं ही मुदत मृत्यूनंतर पन्नास वर्षांवर नेली. पाठोपाठ महायुद्ध आलं, कागद महागला आणि शिलिंगाची किंमत टिकली नाही.

युद्धानं याहून मोठा घाव घातला. डेंटचे दोन मुलगे त्यात कामी आले. १९०९ मध्ये त्यानं मोठ्या हौसेनं कंपनीच्या नावात पुत्र हा शब्द घातला होता. तो शब्द नंतरच्या प्रत्येक पुस्तकावर छापला जात राहिला. माझी प्रत बांधली गेली तेव्हा ती दोन्ही मुलं हयात होती. तारीख ओळखायची म्हणून मी शिकलेली ही खूण, पण ती दिसली की आता आधी तो बाप आठवतो.

मे १९२६ मध्ये डेंट गेला. हजाराचा आकडा त्यानं पाहिला नाही. हजारावा ग्रंथ, ॲरिस्टॉटलचं मेटाफिजिक्स, निघाला १९५६ मध्ये, तो जाऊन तीस वर्षं झाल्यावर.

आपल्या घरातल्या कपाटात अशी पुस्तकं असतील, तर काही खुणा सांगतो. शीर्षकपानामागची पहिली तारीख पाहून हुरळू नका, शेवटची वाचा. कण्यावर भरगच्च सोनेरी वेलबुट्टी असेल तर प्रत सुरुवातीच्या काळातली. ही नक्षी रेजिनाल्ड नोल्सची, ती साधारण १९२० च्या दशकाच्या अखेरीस गेली. १९३५ पासून एरिक रॅव्हिलियसनं केलेली नवी सजावट दिसते. १९५३ पासून आकारच वाढला. साल कुठंच नसेल तर शेवटच्या पानांवरची पुस्तकांची यादी पाहा. यादीतलं सर्वांत नवं पुस्तक ज्या वर्षीचं, त्याच्या आधी ती प्रत छापलेली असू शकत नाही.

आणि किंमत? बहुतेक प्रतींची फारशी नाही. लाखांनी छापलेल्या वस्तूला दुर्मीळ कोण म्हणणार? कागदी वेष्टन शाबूत असलेली जुनी प्रत मात्र भाव खाते, कारण वेष्टन लोक फेकून देत. आणखी एक अपवाद आहे. पुनर्मुद्रणाच्या या मालेतही काही मजकूर प्रथमच छापला गेला. डिकन्सच्या खंडांना चेस्टरटननं लिहिलेल्या प्रस्तावना तशा आहेत. आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण म्हणजे आर्थर रायडरनं केलेला कालिदासाचा अनुवाद. तो १९१२ मध्ये याच मालेत आला. बडोद्याचे दिवाण झालेले रमेशचंद्र दत्त यांचं संक्षिप्त रामायण-महाभारत मात्र डेंटच्याच आधीच्या मालेतून इथं आलेलं. आणि १९३८ चा हिंदू धर्मग्रंथांचा खंड संपादित केला तो निकोल मॅकनिकल यांनी. पुण्यात मिशनरी म्हणून राहिलेले आणि आपल्या संतांचे अभंग इंग्रजीत नेणारे हेच ते गृहस्थ. प्रस्तावना रवींद्रनाथांची. शिलिंगाच्या या कपाटात आपल्यालाही असा कोपरा मिळाला.

मागे घर आवरताना रद्दीवाल्यानं माझा तो खंड इतरांबरोबर तराजूत टाकला होता. मी तो परत उचलून घेतला. मुलीला नवल वाटलं. दुसरा खंडही नसलेलं, पहिली आवृत्तीही नसलेलं हे पुस्तक बाबांनी का ठेवावं, असा तिचा रास्त प्रश्न. मी तिला पंधरा वर्षांच्या लंगड्या उमेदवाराची गोष्ट सांगितली. तिनं पुस्तक हातात घेतलं, सोनेरी वेलीवरून बोट फिरवलं आणि ते आपल्या खोलीत नेलं.

दुसऱ्या खंडाच्या शोधात मी अजून आहे. सापडला तर साल पाहीनच, पण घासाघीस याही वेळी करणार नाही.