कस्तुरबांची परदेशातील पहिली रात्र

कस्तुरबा गांधी (१८६९-१९४४) डिसेंबर १८९६ मध्ये पती, हरिलाल, मणिलाल व भाचा गोकुळदास यांच्यासह डर्बनला पोहोचल्या. बूट-मोजे घालणे, काट्या-चमच्याने जेवणे, हा सारा गांधीजींचा आग्रह! मुंबईतील प्लेगचे निमित्त करून बोट २३ दिवस अडवली गेली. खरे म्हणजे तेथील गोऱ्यांना हिंदी लोक नको होते. १३ जानेवारी १८९७ रोजी बा मुलांसह गाडीने पारशी रुस्तमजींच्या घरी गेल्या. मागून पायी येणाऱ्या गांधीजींना जमावाने बेदम मारले. आपण पुस्तकात ही मारहाण वाचतो, बांचा विचार फारसा करत नाही. रात्री जमावाने घर वेढले. पोलीस अधिकाऱ्याच्या सल्ल्याने गांधीजी शिपायाच्या वेशात निसटले. बा मुलांना घेऊन त्याच अनोळखी घरात थांबल्या.