पांढऱ्या पेशींची ओळख पटविणारा संशोधक

एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या काही मोजक्या व्यक्तींची प्रकृती औषधांविनाही अनेक वर्षे ठीक राहते, तर काहींना थोड्याच वर्षांत एड्स गाठतो. या फरकाचे एक प्रमुख कारण दडले आहे ते एचएलए नावाच्या जनुकसमूहात. त्याचा पहिला माग काढला तो फ्रेंच संशोधक डॉ. ज्याँ दोसे यांनी, आणि तोही एड्सचे नाव जगाला ठाऊक नव्हते त्या काळात.

दोसे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१६ रोजी तुलूझ येथे एका डॉक्टरच्या घरी झाला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेकडे निघताना त्यांनी स्वतःची ओळखपत्रे पाश्चर संस्थेतील एका ज्यू सहकाऱ्याला देऊन टाकली. ट्युनिशियाच्या आघाडीवर जखमी सैनिकांना रक्त देताना त्यांना रक्तशास्त्राची गोडी लागली.

युद्धानंतर पॅरिसच्या रक्तपेढीत काम करीत असताना १९५२ मध्ये एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. वारंवार रक्त घेतलेल्या एका रुग्णाच्या रक्तद्रवाने इतरांच्या पांढऱ्या पेशींच्या गुठळ्या होत. त्याच्या स्वतःच्या पेशींना मात्र काहीच होत नसे. याचा अर्थ तांबड्या पेशींप्रमाणे पांढऱ्या पेशींचेही गट असले पाहिजेत. १९५८ मध्ये त्यांनी असा पहिला गट जाहीर केला आणि तीन स्वयंसेवकांच्या आद्याक्षरांवरून त्याला 'मॅक' हे नाव दिले. आज तो एचएलए-ए २ म्हणून ओळखला जातो.

हे गट अवयवरोपणात निर्णायक ठरतात, हे सिद्ध करण्यासाठी दोसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांवर त्वचारोपणाचे प्रयोग केले. इतरांच्या त्वचेचे तुकडे अंगावर लावून घेण्यास अनेक जण राजी झाले. गट जितके जुळतील तितकी परकी त्वचा अधिक काळ टिके. १९८० मध्ये बारुज बेनासेराफ आणि जॉर्ज स्नेल यांच्यासह त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, पॅरिसच्याच पाश्चर संस्थेत एड्सचा विषाणू सापडला आणि दोसे यांच्या शोधाला नवा अर्थ आला. विषाणूने ग्रासलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर ठेवून बाहेर दाखविते. ते पाहून मारक पेशी तिचा नाश करतात. कोणते तुकडे दाखविले जातील, हे वारशाने मिळालेल्या एचएलए प्रकारांवर ठरते. बी ५७ आणि बी २७ हे प्रकार असलेल्यांमध्ये आजार सहसा संथ गतीने वाढतो. बी ३५ च्या काही उपप्रकारांत तो वेगाने बळावतो. आईवडिलांकडून भिन्न प्रकार मिळालेल्यांना अधिक संरक्षण लाभते, हे १९९९ मध्ये दिसून आले. अर्थात, बी ५७ असूनही आजार बळावलेले रुग्ण आहेतच. त्यामुळे हा वारसा औषधोपचाराला पर्याय ठरत नाही.

दोसे यांनी १९८४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन केलेल्या केंद्राने मोठ्या कुटुंबांचे डीएनए नमुने जगभरच्या संशोधकांना खुले केले. ६ जून २००९ रोजी स्पेनमधील मायोर्का बेटावर त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, सुमारे साडेतीन हजार एचआयव्हीबाधितांच्या संपूर्ण जनुकसंचाची छाननी प्रसिद्ध झाली. विषाणूवरील नियंत्रणाशी निगडित सर्व ठळक खुणा सापडल्या त्या एचएलएच्याच परिसरात.