प्लेटलेट्स आधी का मोजतात? डॉ. खानोलकरांची गोष्ट

कॅन्सर पेशंटच्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणारा कागद म्हणजे सीबीसी. दौंडहून गाडी पकडून परळच्या ‘टाटा’ला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. त्याच टाटा मेमोरियलची लॅब १९४१ पासून उभी केली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात ते हेच.

जन्म १८९५ चा. १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची एमडी घेऊन ते मुंबईत शिकवायला लागले. पण खरी मजा त्यांच्या डेटामध्ये आहे. कॉम्प्युटर नाही, काही नाही, तरी १९४५ मध्ये त्यांनी सवयीवरून कॅन्सरची जागा ओळखून दाखवली. खैनी ठेवणाऱ्याला ओठात, चुट्टा उलटा ओढणाऱ्याला टाळूला आणि कमरेला धोतर घट्ट बांधणाऱ्याला तिथल्याच कातडीला! आजच्या भाषेत हे प्रेडिक्शन मॉडेलच की.

१९५२ मध्ये ते इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे पहिले संचालक झाले. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे जग घाबरलेलं होतं. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये रेडिएशनच्या परिणामांवर समिती नेमली, तिथे भारताची बाजू खानोलकरांकडे होती. समितीच्या १९५८ च्या रिपोर्टमध्ये एक मोठा मुद्दा होता: हाडातल्या मगजाला, म्हणजे बोन मॅरोला, किती डोस बसतो? रक्त तिथेच तयार होतं ना.

१९७८ मध्ये ते गेले. मोनोक्लोनल अँटीबॉडी बनवायची पद्धत त्याआधी तीनच वर्षं निघाली होती. पुढे अशा अँटीबॉडीला रेडिओॲक्टिव्ह अणू चिकटवून कॅन्सरच्या पेशीपर्यंत पाठवायला लागले. अडचण अशी की, हे औषध रक्तातून फिरतं, त्यामुळे मॅरोही भाजतो. प्लेटलेट्स लगेच पडत नाहीत. लिम्फोमावरच्या झेवॅलिनमध्ये (अमेरिकेत मंजुरी २००२) त्या साधारण सातव्या ते नवव्या आठवड्यात तळाला जातात. पेशंटला वाटतं सुटलो, आणि तेव्हाच धोका असतो.

म्हणून अंदाज आधीच बांधतात. प्लेटलेट्स दीड लाख किंवा जास्त असतील तर पूर्ण डोस, एक ते दीड लाखात कमी, एक लाखाखाली नाहीच. मॅरोचा पाव भाग कॅन्सरने व्यापला असेल तरी नाही.

घरी कुणाची अशी ट्रीटमेंट ठरली तर जुन्या केमोचे कागद आणि सगळे सीबीसी तारखेनुसार मोबाईलमध्ये ठेवा. नंतरची रक्ततपासणी दौंडमध्ये केली तरी रिपोर्ट त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा.