नामदार गोखले : सार्वजनिक जीवनातील सज्जन

सज्जन कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक काळाने आपापल्या परीने दिले आहे. जुन्या गावगाड्यात दिलेला शब्द पाळणारा, दारी आलेल्यास विन्मुख न पाठविणारा आणि देणेघेणे चोख ठेवणारा गृहस्थ सज्जन ठरत असे. पुढे वृत्तपत्रे, सभा, कायदेमंडळे आणि सार्वजनिक संस्था यांचे युग आले. ज्यांना कधी पाहिलेही नाही अशा माणसांविषयी बोलण्याची आणि ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशांचा पैसा सांभाळण्याची वेळ गृहस्थावर आली. सज्जनतेची कसोटी अधिक कठीण झाली. या नव्या कसोटीस उतरलेल्या पुरुषांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. वडीलबंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून १५ रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. दुसऱ्याच्या त्यागावर आपले शिक्षण उभे आहे, ही जाणीव गोपाळरावांना कोवळ्या वयातच झाली. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ मध्ये पदवी मिळविल्यावर वकिली वा सरकारी नोकरी यांचे मार्ग त्यांना मोकळे होते. परंतु त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाचे काम पत्करले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य या नात्याने त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित, इंग्रजी, इतिहास आणि अर्थशास्त्र असे अनेक विषय शिकविले आणि महाविद्यालयाच्या निधीसाठी सुट्टीच्या दिवसांत दारोदार हिंडून वर्गणीही गोळा केली. न्यायमूर्ती रानडे हे त्यांचे गुरू. आकडे पडताळल्याशिवाय विधान करावयाचे नाही, ही शिस्त त्यांना रानडे यांच्याकडून लाभली.

याच शिस्तीची परीक्षा १८९७ मध्ये झाली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले होते. त्या वेळी पुण्यात प्लेगचा कहर चालू होता आणि घरझडतीच्या कामावर गोऱ्या सैनिकांची नेमणूक झाली होती. पुण्यातील स्नेह्यांच्या पत्रांवर विसंबून गोखले यांनी स्त्रियांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप विलायतेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध केले. मोठी खळबळ उडाली आणि सरकारने पुरावा मागितला. जुलैअखेर मायदेशी परतल्यावर त्यांनी कसून शोध घेतला. लोकांना झालेला जाच खरा होता. पण त्या विशिष्ट आरोपांना आधार देण्यास कोणी पुढे येईना.

त्यांच्यापुढे सोपे मार्ग अनेक होते. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून स्वतः मोकळे होता आले असते, किंवा संदिग्ध खुलासा करून वेळ मारून नेता आली असती. गोखले यांनी यांतील काहीच केले नाही. स्नेह्यांची नावे त्यांनी अखेरपर्यंत उघड केली नाहीत आणि ऑगस्टच्या प्रारंभी गव्हर्नर, प्लेग समितीचे सदस्य व सैनिक यांची जाहीर आणि बिनशर्त क्षमा मागितली. इंग्रजी पत्रांनी त्यांचा उपहास केला, तर स्वकीयांनी त्यांना भित्रे ठरविले. हे सारे त्यांनी मुकाट्याने सोसले. पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून रोग्यांच्या सेवेत उतरले. ज्या माणसाची सार्वजनिक कारकीर्द संपली असे अनेकांना वाटले, तो १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून आला. चूक झाकण्यापेक्षा ती कबूल करणाऱ्यावर लोकांचा विश्वास अधिक काळ टिकतो, हे त्यावरून दिसून आले.

१९०२ पासून केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकांवर केलेली भाषणे गाजली. मिठावरील कर गरिबांच्या तोंडचा घास महाग करतो, हे त्यांनी आकडेवारीने पटवून दिले. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३, १९०५ आणि १९०७ मध्ये टप्प्याटप्प्याने उतरून एक रुपयावर आला. १९११ मध्ये त्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. पराभव दिसत असतानाही त्यांच्या वाणीत कटुता आली नाही. शिक्षणहक्काचा कायदा देशात २००९ मध्ये झाला, यावरून त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना यावी.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. स्वतःसाठी द्रव्यार्जन न करणे, जातिधर्माचा भेद न मानता सर्व देशबांधवांस भाऊ समजणे आणि कोणाशीही व्यक्तिगत भांडण न करणे, अशा प्रतिज्ञा सदस्यांना घ्याव्या लागत. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या लढ्यासाठी तर मधुमेहाने शरीर पोखरलेले असतानाही त्यांनी १९१२ मध्ये तेथवर प्रवास केला आणि पुढे देशभर निधी जमविला. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. १९१४ मध्ये सरकारने देऊ केलेला ‘सर’ हा किताब गोखले यांनी नम्रपणे नाकारला.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, त्यांचे पुण्यात निधन झाले. आयुष्यभर ज्यांच्याशी तीव्र मतभेद राहिले, ते लोकमान्य टिळक सिंहगडावरून येऊन अंत्यसंस्कारास उपस्थित राहिले आणि त्यांनी गोखले यांच्या गुणांचा मुक्तकंठाने गौरव केला. विरोधकालाही ज्याच्या चारित्र्याविषयी शंका राहत नाही, तोच खरा सज्जन होय.

आज ऐकीव बातमी क्षणार्धात हजारोंपर्यंत पोहोचते. ती खोटी ठरली तर ती मागे घेण्याचे धैर्य मात्र क्वचितच दिसते. सभ्य पोशाख आणि गोड भाषा यांनी गृहस्थ शोभिवंत होतो खरा. परंतु बोलण्याआधी सत्य पडताळणे, चुकल्यास क्षमा मागणे, दोषाचा भार दुसऱ्यावर न टाकणे आणि लोकांच्या पैशास विश्वस्ताच्या भावनेने हात लावणे, या गुणांनीच तो सज्जन होतो. नामदार गोखले यांचे जीवन हाच वस्तुपाठ आपल्यापुढे ठेवते.