पाचगणीचा फारुख

शीवला शेजारच्या काकांकडे ‘क्वीन’च्या वेम्बलेतील १९८६ च्या कार्यक्रमाची चित्रफीत वडिलांसोबत पाहिली. गाणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फारुख बलसारा.

१९४६ साली झांझिबारला पारशी घरात जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. वसतिगृहात राहून मित्रांबरोबर ‘हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. तो त्यात पियानो वाजवी. १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० साली ‘क्वीन’ उभी राहिली, नावही बदलले. एड्स झाल्याचे त्याने मृत्यूच्या आदल्या दिवशी जाहीर केले. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला.

गाणी वडिलांना कळली नाहीत. आठ वर्षांचे पोर आईपासून दूर, एवढे मात्र कळले. तेही त्याच वयात गाव सोडून मुंबईला आले होते.